खेचर, ज्वारी आणि भिंतीतला सांधा

मराठीत ‘हायब्रीड’ हा शब्द शेतातून आला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले, उतारा वाढला, भाकरीला जुन्या ज्वारीची गोडी नाही अशी कुरकुरही झाली, आणि एक व्यवहाराची गोष्ट शेतकऱ्याच्या लगेच लक्षात आली: घरात राखलेले बी पुढच्या पेरणीला चालत नाही, दर साली नवे विकत आणावे लागते. ‘संकर’ हा शब्द त्याहून जुना, आणि त्याला वर्णसंकराच्या धाकाचा डाग आहे. त्यामुळे अमेरिका खंडांतल्या आजच्या साहित्याविषयी मराठीत ‘सांस्कृतिक संकर’ म्हणायचे तर एकीकडे शिवी आणि दुसरीकडे बियाण्याची पिशवी, यांच्या मधून वाट काढावी लागते. गंमत अशी की तिकडच्या समीक्षकांचीही हीच अडचण झाली. अर्जेंटिनात जन्मून मेक्सिकोत स्थायिक झालेले नेस्तोर गार्सिया कांक्लिनी यांनी १९९०च्या सुमारास ‘संकरित संस्कृती’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहिला आणि हा शब्द खंडभर रूढ झाला. १९९७ साली, मृत्यूच्या थोडे आधी, पेरूचे समीक्षक आंतोनियो कोर्नेहो पोलार यांनी बजावले की जीवशास्त्राकडून उसनी घेतलेली रूपके जपून वापरा. संकरातून खेचरही जन्मते, आणि खेचराला पुढे वंश नसतो. कांक्लिनींचे उत्तर असे की संकरातूनच धान्याची, फुलांची, कॉफीची सकस वाणे निघाली. खेचर की ज्वारी, असा हा वाद. त्यात मागे राहिला तो प्रश्न मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी पहिल्यांदा विचारील: बी कोणाच्या ताब्यात? या प्रकरणात मला जे म्हणायचे आहे ते या प्रश्नातूनच निघते. अमेरिका खंडांत संस्कृती मिसळल्या यात नवल काही नाही, त्या सगळीकडेच मिसळतात. पण तिथल्या अनेक राज्यसत्तांनी मिश्रणाला राष्ट्राची ओळख म्हणून मिरवले, आणि मिरवताना कोणाचे काय विरघळले याचा हिशेब पुसून टाकला. आजचे तिथले कसदार साहित्य तो हिशेब पुन्हा मांडायला बसते. म्हणून ते दोन जगांमधला सांधा लिंपून टाकत नाही, उघडा ठेवते.

एका नाकारलेल्या पुरस्कारापासून सुरुवात करू. २००४ साली ग्वातेमालाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार उंबेर्तो आकाबाल या कवीने घेतला नाही. आकाबाल मोमोस्तेनांगो गावचे, माया लोकांपैकी किचे समाजाचे, किचे आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लिहिणारे. नकाराचे कारण पुरस्काराच्या नावात होते: मिगेल आन्हेल आस्तुरियास. आस्तुरियास म्हणजे ग्वातेमालाचे पहिले नोबेल विजेते लेखक, वर्ष १९६७. पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांनी माया लोकांचा पवित्र ग्रंथ ‘पोपोल वूह’ फ्रेंचवरून स्पॅनिशमध्ये आणण्याच्या कामात भाग घेतला. ‘मक्याची माणसे’ या अर्थाचे नाव असलेल्या १९४९च्या कादंबरीत त्यांनी माया पुराणकथा आधुनिक गद्यात अशी मुरवली की पुढे ज्याला जादुई वास्तववाद म्हटले गेले त्याच्या उगमापाशी तिचे नाव घेतले जाते. मिश्रणाचा याहून नामवंत नमुना शोधून सापडणार नाही. पण याच आस्तुरियासनी १९२३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कायद्याच्या पदवीसाठी ‘इंडियनांचा सामाजिक प्रश्न’ या विषयावर प्रबंध लिहिला होता. इंडियन समाज खंगत चालला आहे, आणि युरोपातून माणसे आणून त्यांचे रक्त मिसळणे हा त्यावरचा उपाय, असा त्याचा सूर. हा प्रबंध आपल्या लोकांचा अपमान करतो, असे आकाबाल यांचे म्हणणे होते.

तरुणपणातल्या एका प्रबंधाची शिक्षा पुढच्या अर्ध्या शतकाच्या लेखनाला का, असे कोणी विचारील, आणि विचारणे गैर नाही. आस्तुरियास बदलले, त्यांच्या कादंबऱ्यांत शोषितांची बाजू ठामपणे आहे. तरीही आकाबाल यांचा नकार रागाच्या भरातला वाटत नाही, कारण प्रबंध आणि कादंबरी यांच्यामध्ये एक धागा सलग आहे. प्रबंधात इंडियन माणूस मिसळून संपायचा आहे. कादंबरीत त्याची पुराणकथा मिसळून राष्ट्राची संपत्ती व्हायची आहे. दोन्हीकडे मिसळणारा हात स्पॅनिश बोलणाऱ्याचा. आस्तुरियास माया भाषा बोलत नव्हते, त्यांची माया सृष्टी पॅरिसच्या वर्गातून, फ्रेंच भाषांतरातून आली होती. कादंबरी त्यामुळे कमअस्सल ठरत नाही. मात्र देशात २२ माया भाषा बोलल्या जातात, आणि १९६० ते १९९६ या यादवी युद्धातल्या ज्या बळींची ओळख पटली त्यांतले ८३ टक्के माया होते असे सत्यशोधन आयोगाने १९९९ साली नोंदवले. अशा देशात ‘आपण सगळे मिश्र’ हे वाक्य कोणाच्या तोंडून येते, हे पाहावेच लागते.

या वाक्याचा जाहीरनामा मेक्सिकोत लिहिला गेला. होसे वास्कोन्सेलोस १९२१ ते १९२४ मेक्सिकोचे शिक्षणमंत्री होते; दिएगो रिवेरासारख्या चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती त्यांनीच दिल्या, खेड्यापाड्यांत शिक्षक पाठवले. १९२५ साली त्यांनी ‘वैश्विक वंश’ मांडला: लॅटिन अमेरिकेत चारही वंश मिसळून पाचवा, श्रेष्ठ वंश घडणार. युरोपात वंशशुद्धीची भाषा जोरात असताना कोणी मिश्रणाला श्रेष्ठ म्हणतो, हे ऐकायला मोठे दिलासा देणारे होते, आणि पुष्कळांना तो दिलासा अजून पुरतो. पण पुस्तक नीट वाचले की दिसते, या मिश्रणात सगळे घटक समान नाहीत. खालचे मानलेले वंश वरच्यांत हळूहळू विरून जायचे आहेत. याच वास्कोन्सेलोसनी १९४० साली नाझी जर्मनीची तरफदारी करणारे मासिक चालवले, ही विसंगती वाटते तेवढी मोठी नाही. मेक्सिकोत पुढे जे घडले ते इतिहासकार फेदेरिको नावारेते यांनी नेमके दाखवले आहे: विसाव्या शतकात ‘मिश्र’ झालेले बहुसंख्य लोक लग्नातून मिश्र झाले नव्हते, त्यांनी भाषा सोडली, पोशाख सोडला, शाळेत आणि शहरात स्पॅनिश उचलली, आणि जनगणनेच्या कागदावर त्यांचा रकाना बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या देशातले निम्म्याहून अधिक लोक मूळच्या भाषा बोलत. २०२०च्या जनगणनेत ते प्रमाण ६.१ टक्के होते. रक्त होते तेच राहिले, जीभ बदलली, आणि त्याला नाव मिळाले मेस्तिसाहे, म्हणजे मिश्रण. डोमिनिकन प्रजासत्ताकात याहून विचित्र प्रकार झाला. तिथले मूळचे तायनो लोक स्पॅनिश विजयानंतरच्या काही दशकांतच जवळजवळ नष्ट झाले, तरी सावळ्या नागरिकाच्या ओळखपत्रावर वर्णाच्या जागी ‘इंडियो’ असे लिहीत. आफ्रिकेचे नाव टाळायला मेलेल्यांचे नाव कामी आले. शेजारच्या हैतीच्या लोकांची १९३७ साली ज्याच्या हुकमाने कत्तल झाली, तो हुकूमशहा त्रुहियो स्वतः आजीकडून हैतीच्या रक्ताचा होता आणि चेहऱ्याला पावडर लावी. एडविज दांतिका यांची १९९८ची आणि हुनो दियास यांची २००७ची कादंबरी याच हिशेबाला हात घालतात. दियास यांच्या इंग्रजीत स्पॅनिश शब्द तिरक्या अक्षरांत छापलेले नाहीत, त्यांचे अर्थही दिलेले नाहीत. वाचक अडखळतो, आणि ते अडखळणे लेखकाला हवेच आहे.

सांधा उघडा ठेवणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायचे तर पेरूच्या होसे मारिया आर्गेदास यांच्यापाशी थांबावे लागते. जन्म १९११, आंदावायलास. गोऱ्या कुटुंबातले, वडील वकील. आई लहानपणीच गेली, सावत्र आईने मुलाला स्वयंपाकघरात केचुआ नोकरांत ढकलले, आणि शिक्षा म्हणून मिळालेल्या त्या जागी त्याला एक भाषा मिळाली. लेखक झाल्यावर प्रश्न उभा राहिला: केचुआत जगलेल्या माणसांचे बोलणे स्पॅनिशमध्ये कसे आणायचे? आधीचे लेखक इंडियन पात्रांना मोडकी स्पॅनिश देत, म्हणजे वाचकाला ती माणसेच मोडकी वाटत. आर्गेदास यांनी आरंभीच्या कथांत स्पॅनिश शब्दांना केचुआची वाक्यरचना दिली. पुढे तोही मार्ग अपुरा वाटून त्यांनी वरकरणी शुद्ध स्पॅनिश लिहिली, पण तिच्या आत दुसऱ्या भाषेचा ताल चालू ठेवला. ‘खोल नद्या’ ही त्यांची १९५८ची कादंबरी कुस्कोतल्या एका भिंतीपाशी सुरू होते. खाली इंका कारागिरांनी चुन्याशिवाय बसवलेले दगड, वर स्पॅनिश मालकाचा चुना फासलेला मजला. एर्नेस्तो नावाचा मुलगा त्या दगडांवरून हात फिरवतो आणि त्याला ते नदीसारखे वाहताना जाणवतात. भिंत एकच आहे, घर एकच आहे, त्यात माणसे राहतात. पण खालचे आणि वरचे एकजीव झालेले नाही, आणि भूकंपात कोणते टिकते हे कुस्कोत सगळ्यांना ठाऊक आहे. याच कादंबरीत ‘सुंबायल्यू’ नावाचा एक भोवरा येतो. शब्द फोडला तर पहिला तुकडा गुणगुणणे या अर्थाच्या स्पॅनिश क्रियापदाकडे जातो आणि दुसरा पंखांच्या बारीक आवाजासाठी असलेल्या केचुआ प्रत्ययाकडे. आर्गेदास त्या प्रत्ययावर आधी जवळजवळ निबंधच लिहितात, मग भोवरा सोडतात. शब्द मिश्र आहे, पण वाचकाला त्यातला जोड दाखवून, बोटाने चाचपायला लावून मगच पुढे जाऊ दिले आहे.

१९६८ साली आर्गेदास यांना इंका गार्सिलासो दे ला वेगा यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. हे नाव अर्थपूर्ण आहे. स्पॅनिश कप्तान आणि इंका राजकन्या यांचा १५३९ साली कुस्कोत जन्मलेला हा मुलगा मिश्र अमेरिकेचा पहिला मोठा लेखक. इंकांचा त्याने लिहिलेला इतिहास १६०९ साली लिस्बनला छापला गेला. (तेव्हा स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते, म्हणजे कुस्को आणि गोवा यांचा धनी एक. गार्सिलासो १६१६ साली स्पेनमध्ये वारले, त्याच वर्षी फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापले गेले. एकाने जिंकलेल्यांचा इतिहास जेत्यांच्या भाषेत लिहिला, दुसऱ्याने जेत्यांचा धर्म मराठी ओवीत. दोघांनाही आपण सवयीने ‘समन्वय’ म्हणतो.) पुरस्कार घेताना आर्गेदास यांनी सांगितले की मी परसंस्कृतीत विरघळलेला माणूस नाही, दोन्ही भाषांत, दोन्ही रीतींनी आनंदाने बोलणारा पेरूवासी आहे. हे मिश्रणाचे गाणे नाही. दोन्ही संस्कृती आपापल्या पायांवर उभ्या आहेत आणि एक माणूस त्यांच्यात ये-जा करतो, असा त्याचा अर्थ. त्याच्या पुढच्याच वर्षी, अखेरची कादंबरी अपुरी असताना, आर्गेदास यांनी आयुष्य संपवले.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पेरूचेच कादंबरीकार मारियो वार्गास योसा यांनी १९९६ साली आर्गेदास यांच्यावर अख्खे पुस्तक लिहिले. त्यात प्रतिभेचे कौतुक आहे, पण निष्कर्ष असा की आर्गेदास यांचे अँडीज हे पुरातन स्वप्नरंजन होते आणि आधुनिकता येताच ते मोडणारच होते. त्याही आधी, १९६५ साली लिमामध्ये समाजशास्त्रज्ञांनी भरवलेल्या चर्चेत, त्यांची नुकतीच आलेली ‘सगळी रक्ते’ या अर्थाच्या नावाची कादंबरी पेरूचे वास्तव दाखवत नाही असे तोंडावर सांगितले गेले, आणि तो घाव त्यांना फार खोल लागला. सांधा जपण्याचा हट्ट म्हणजे काळाला थांबवण्याचा हट्ट, असा या आक्षेपाचा गाभा. पण आक्षेप घेणाऱ्यांनी त्यांची शेवटची कादंबरी समोर ठेवली पाहिजे. १९७१ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली ही कादंबरी डोंगरात घडत नाही. ती घडते चिंबोते बंदरात: मासळीपिठाचे कारखाने, त्यांची दुर्गंधी, डोंगरातून उतरलेले मजूर, वेश्यावस्ती, युनियन, अमेरिकी पाद्री, आणि प्रत्येकाच्या तोंडी वेगळी, अर्धी शिकलेली स्पॅनिश. तिच्या शीर्षकातले वरचा आणि खालचा असे दोन कोल्हे वारोचिरी या भागातल्या केचुआ हस्तलिखितातून आले आहेत. ते हस्तलिखित आर्गेदास यांनीच १९६६ साली स्पॅनिशमध्ये आणले होते. म्हणजे सांधा त्यांनी गावकुसात जपून ठेवला नाही, कारखान्याच्या दारात नेऊन ठेवला. ज्याला पुरातनाचा मोह असतो तो असे करत नाही. कोर्नेहो पोलार यांची ‘विषमधर्मी साहित्य’ ही कल्पना अशाच लेखनावरून सुचलेली आहे: लेखक एका जगातला, भाषा दुसऱ्या जगाची, वाचक तिसरीकडचा, आणि कादंबरी या ताणावर उभी. त्यांच्या १९९४च्या ग्रंथाचा आरंभ १५३२ साली काहामार्का इथे होतो, जिथे इंका राजा आताहुआल्पा पाद्र्याने दिलेले पुस्तक जमिनीवर टाकतो, कारण ते त्याच्याशी बोलत नाही.

उत्तरेकडे सरकले की मिश्रणाचे गणितच उलटते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी मिश्रण कधी मिरवले नाही, मोजले. १६६२च्या व्हर्जिनियातील कायद्याने गुलाम स्त्रीचे मूल गुलाम ठरवले, बाप कोणीही असो; म्हणजे मिश्रणाने मालकाची मालमत्ता वाढत गेली. याउलट १८८७च्या डॉझ कायद्यानंतर मूळ रहिवाशांची सामाईक जमीन तुकडे करून वाटताना रक्ताच्या हिश्शांच्या नोंदी ठेवल्या गेल्या: पूर्ण, अर्धा, पाव, आठवा. इथे प्रत्येक मिश्र लग्नाने हक्क सांगणारा माणूस कमी होत गेला, आणि १९३४पर्यंत त्यांच्या हातची जमीन १३.८ कोटी एकरांवरून ४.८ कोटींवर आली. दोन्ही गणिते एकाच कायद्यात पाहायची असतील तर व्हर्जिनियाचा १९२४चा वंशशुद्धी कायदा आहे. इतर रक्ताचा अंशही असेल तर माणूस गोरा नाही. पण इंडियन रक्त सोळाव्या हिश्शापर्यंत चालेल, कारण राज्यातली बडी घराणी पोकाहोन्टासचे वंशज म्हणवून घेण्यात अभिमान मानत होती. टॉमी ऑरेंज यांच्या २०१८च्या ‘देअर देअर’ कादंबरीतली माणसे हा अपूर्णांकांचा वारसा घेऊन ओकलंड शहरात जगतात. त्यातला ऑर्विल नावाचा मुलगा पाउवाउ मेळाव्यातला नाच यूट्यूबवर पाहून शिकतो आणि कपाटातून चोरून काढलेला, अंगाला न बसणारा पोशाख घालून आरशासमोर उभा राहतो. त्याला आपण नकली वाटतो. कादंबरीचे मोठेपण असे की ती त्याला ‘तू संकरित आहेस, हेच तुझे वैभव’ असा सल्ला देत नाही, आणि ‘तू खरा इंडियन आहेस’ अशी पाठही थोपटत नाही. न बसणारा पोशाख तिथेच राहतो.

त्याआधी चार दशके लेस्ली मार्मन सिल्को यांनी ‘सेरेमनी’ या १९७७च्या कादंबरीत याच प्रश्नाला शेतकऱ्याच्या बाजूने हात घातला होता. दुसऱ्या महायुद्धातून मोडून परतलेला, अर्धा गोरा, लागुना पुएब्लो समाजाचा टायो; आणि त्याच्या मामाने आणलेली ठिपक्यांची मेक्सिकन गुरे, जी दुष्काळात स्वतःचे पाणी स्वतः शोधतात आणि ज्यांच्यापासून नवी जात पैदा करायची मामाची योजना असते. इथे संकर आहे, आणि तो खेचराचा नाही, कळप वाढतो. फरक एवढाच की पैदास कोणती करायची हे मामा ठरवतो, जनावरे त्याच्या रानात राहतात, कळप चोरीला जातो तेव्हा टायो तो शोधून परत आणतो. बी घरात आहे. टायोला बरे करणारा बेटोनी नावाचा वैद्यही जुने मंत्र जसेच्या तसे म्हणत नाही. त्याच्या झोपडीत टेलिफोन डिरेक्टऱ्या आणि जुनी कॅलेंडरे रचलेली आहेत, आणि विधी बदलले नाहीत तर मरतात असे त्याचे मत आहे. ग्लोरिया आन्साल्दुआ यांचे १९८७चे सरहद्दीवरचे पुस्तक या संदर्भात नेहमी घेतले जाते. टेक्सासच्या दक्षिण टोकाला वाढलेल्या या लेखिकेने आपण बोलतो त्या आठ भाषा-बोली मोजून दाखवल्या आणि त्यांतल्या अनेक एकाच परिच्छेदात, भाषांतराशिवाय वापरल्या. तिची भाषा तिच्या सिद्धांताहून बळकट आहे असे माझे मत. सिद्धांत मांडताना ती वास्कोन्सेलोसच्या वैश्विक वंशाचा आधार घेते, त्यातली उतरंड बाजूला सारून. भाषा मात्र काहीच विरघळू देत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: सांधा जपा म्हणणे म्हणजे मागच्या दाराने शुद्धतेला आत घेणे. कोण अस्सल, कोण नकली याची पडताळणी सुरू होते, आणि साहित्याच्या जागी वंशावळ वाचली जाते. कॅनडात २०१६च्या अखेरीस एका नामवंत कादंबरीकाराच्या मूळ रहिवासी असल्याच्या दाव्यावरून उठलेले वादळ आठवावे. धोका खरा आहे. पण त्याच देशात त्याचे उत्तरही आहे. मेती हे कॅनडाच्या पश्चिमेकडचे लोक, फर-व्यापारातल्या युरोपीय पुरुषांचे आणि क्री, ओजिब्वे स्त्रियांचे वंशज. त्यांचा नेता लुई रीएल १८८५ साली फासावर गेला. १९८२च्या राज्यघटनेने त्यांना मूळ समाजांपैकी एक म्हणून मान्यता दिली. मेती असणे म्हणजे कोणतेही मिश्र रक्त असणे नव्हे, असे मेती अभ्यासक आग्रहाने सांगतात. रेड नदीच्या काठी घडलेला इतिहास, नातीगोती आणि लढे यांनी तो समाज बनला आहे. म्हणजे इथे मिश्रण आहे, सीमा आहे, आणि त्या सीमेचा शुद्धतेशी संबंध नाही. त्यांच्यातल्या काहींची मिचिफ भाषा भाषाशास्त्रज्ञांना चकित करते: क्रियापदे क्री भाषेची, त्यांच्या सगळ्या गुंतागुंतीच्या रूपांसह, नामे फ्रेंचची, लिंगभेदासह. कोणतीही बाजू सोपी झालेली नाही, आणि तरी भाषा नवी आहे. मारिया कॅम्बेल यांचे ‘हाफब्रीड’ हे आत्मकथन १९७३ साली आले, तेव्हा लेखिकेवर लहानपणी एका पोलिसाने केलेल्या बलात्काराची पाने प्रकाशकाने काढून टाकली होती. संशोधकांना ती २०१८ साली सापडली आणि २०१९च्या आवृत्तीत परत आली. शिवीलाच पुस्तकाचे नाव करणाऱ्या लेखिकेची गोष्टसुद्धा पुरी छापायला शेहेचाळीस वर्षे लागली.

कॅरिबियन बेटांबाबत तिसरा आक्षेप घेतला जातो, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. तिथे मूळचे लोक बहुतेक संपवले गेले, उरलेले सगळे बाहेरून आणलेले. मग सांधा कशाचा आणि कशाशी? मार्टिनिकच्या तीन लेखकांनी १९८९ साली क्रिओलपणाचा गौरव करणारा जाहीरनामा काढला, त्यांतल्या पात्रिक शामवाझो यांना १९९२ साली गाँकूर पुरस्कार मिळाला, आणि मिश्रण हीच ओळख असे म्हणायला मोकळीक झाली. त्यांचे ज्येष्ठ एदुआर ग्लिसाँ मात्र सावध होते. क्रिओलपणा ही अवस्था म्हणून ते मानत नव्हते, क्रिओलीकरण ही न संपणारी क्रिया म्हणत, आणि शिवाय ‘अपारदर्शकतेचा हक्क’ मागत: दुसऱ्याला पुरते समजल्याशिवायही त्याच्याबरोबर राहता आले पाहिजे. त्रिनिदादकडे पाहिले तर या हक्काची गरज कळते. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय मजूर तिथे नेले गेले, बहुतेक भोजपुरी आणि अवधी बोलणारे. आफ्रिकी आणि भारतीय आईबापांच्या मुलाला तिथे ‘डगला’ म्हणतात. शब्द आपल्याकडचाच, ‘दोगला’. संकराच्या धाकाने जहाजातून समुद्र ओलांडला. सगळे मिसळलेले आहेत असे म्हणणाऱ्या बेटावर प्रत्यक्ष मिसळलेल्या मुलाला शिवी उरते, आणि म्हणून शालिनी पुरी यांच्यासारख्या अभ्यासकांना तोच शब्द उचलून साहित्याची चर्चा करावी लागते. डेरेक वॉलकॉट यांनी १९९२च्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी गावच्या रामलीलेने केली. आपण आधी तिला नाटक समजलो, दूरच्या मूळ कलाकृतीची झिजलेली नक्कल समजलो, आणि ही आपली चूक होती अशी कबुली त्यांनी दिली; धनुष्यबाण घेतलेल्या त्या मुलांसाठी तो विश्वास होता. पुढे त्यांनी फुटून पुन्हा जोडलेल्या भांड्याची उपमा वापरली. तीही नीट पाहावी: जोडलेल्या भांड्यावर व्रण राहतात, आणि जोडणाऱ्याचे प्रेम त्या व्रणांतच दिसते, असे त्यांना म्हणायचे आहे. कॅरिबियनमध्ये मूळ उरले नसेल. तुकडे कुठून आले हे मात्र कोणी विसरलेले नाही.

राहिला बाजाराचा मुद्दा. न्यूयॉर्क आणि माद्रिदच्या प्रकाशकांना सांधा दाखवणारी पुस्तके आता आवडतात. भाषांतर न केलेला शब्द हीसुद्धा एक लकब होऊन बसली आहे, आणि तिचे नकली नमुने पैशाला पासरी मिळतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. खरी पारख मग पानाच्या बाहेर होते. मेक्सिकोच्या यास्नाया आगिलार या मिहे भाषेच्या अभ्यासक २०१९च्या फेब्रुवारीत तिथल्या संसदेत आपल्या भाषेत बोलल्या, त्या वेळी विषय होता भाषा कशा मारल्या जातात. ‘आदिवासी साहित्य’ असे एकच काही असते हेही त्यांना मान्य नाही. मिहे, सापोतेक, किचे यांच्यात समान आहे ते राज्यसत्तेशी असलेले नाते, रक्त किंवा रीत नव्हे. हे नाते बदलले तर ‘आदिवासी’ हा शब्दच गळून पडेल आणि भाषा उरतील. या भाषांतले कवी आज बहुधा स्वतःच आपले स्पॅनिश भाषांतर करतात, समोरासमोरच्या पानांवर छापतात, आणि बहुतेक वाचक एकच पान वाचतात. आकाबाल यांच्या काही कविता मात्र केवळ पक्ष्यांच्या आवाजांच्या आहेत, किचे कानाने ऐकलेल्या. २०१९ साली वारेपर्यंत ते त्या परदेशातल्या काव्यमहोत्सवांतही म्हणून दाखवत. समोरच्या पानावर त्यांना प्रतिशब्द नाही. स्पॅनिश वाचकालाही ते किचे पक्षी तसेच ऐकून घ्यावे लागतात.